हौदातलं हिरवं

ज्या कामाला वास आणि रंग दोन्ही असतात, त्या कामात किस्से फुकट मिळतात. कापडाच्या दुकानदाराला वर्षातून एखादा मिळत असेल, आमच्याकडे आठवड्याला एक पडतोच. सांगायला बसलं की एक संपायच्या आत दुसरा आठवतो आणि तिसरा शकीलाभाभी मध्येच तोंड घालून सांगायला लागते, तोही शेवटाकडून!

आखाडा बाळापूरच्या बाहेर, हायवेपासून जरा आत, आमचं पत्र्याचं शेड आहे. तिथं आम्ही स्पिरुलिना करतो. सिमेंटचा हौद, त्यात पाणी, खायचा सोडा, मीठ, थोडी खतं, वर हिरवी जाळी. त्यात एक बारीक शेवाळ वाढतं. शास्त्राच्या हिशेबानं ते जिवाणूंच्या जातीत मोडतं म्हणे, पण हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. नुसतं शेवाळ म्हटलं तरी निम्मे पळून जातात. पाणी गर्द हिरवं झालं की कापडातून गाळायचं, राहिलेला लगदा पिळायचा, शेवयांसारखा पाडून वाळवायचा आणि दळायचा. मग चमचाभर पावडर ताकात घ्या, पिठात घ्या, नाहीतर चटणीत. प्रथिनं भरपूर, लोह बऱ्यापैकी, वास तळ्याचा!

आम्ही तिघी. मी मंगल. बारावी सायन्स, मग लग्न, मग शिलाई मशीन, मग हा हौद. शकीलाभाभीच्या घरी पिढीजात शेवयांचं काम, त्यामुळे लगदा पाडायचं मशीन तिचं आणि त्यावरचा हक्कही तिचाच. तिसरी गयाबाई. ती काही प्रथिनांसाठी आली नव्हती, ती आली लेकीसाठी.

तिची रेखा साखऱ्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणात रेखाच्या अंगात रक्तच नव्हतं, जीव जाता जाता राहिला. आता दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि डॉक्टर मॅडमनी परत तेच सांगितलं होतं, "रक्त वाढवा, नाहीतर या वेळी काही खरं नाही." म्हणून गयाबाईनं तिला लवकरच माहेरी आणून ठेवलं आणि ती सरळ आमच्या शेडमध्ये आली.

"तुमच्या ह्या हिरव्यानं माझ्या लेकीचं रक्त वाढंल का?"

"नुसत्या ह्यानं नाही वाढणार," मी म्हणाले. "लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, डाळ-भाजी खायची. आणि मॅडमला विचारून हे थोडं."

"पर थोडं तर वाढंल?"

"मदत होईल."

"मंग उद्यापासून मी येऊन राहिले," ती म्हणाली आणि पदर खोचून निघूनही गेली. पगार, वाटा, वेळ, काही म्हणजे काही विचारलं नाही.

*

पहिलाच किस्सा तिचा. परभणीला स्पिरुलिनाचं ट्रेनिंग झालं, त्याला गयाबाई नव्हती. आम्ही दोघी परभणीहून कॅनमध्ये बियाणं घेऊन आलो होतो. त्याला मदर कल्चर म्हणतात, आम्ही विरजण म्हणतो. ते हौदात सोडलं, रोज ढवळलं, लेकरासारखं जपलं. बघता बघता हौद हिरवागार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला माल काढायचा ठरलं. शकीलाभाभीनं नवं कापड धुऊन ठेवलं.

सकाळी जाऊन बघतो तर हौद पांढराशुभ्र! आत थेंबभर पाणी नाही आणि चारी भिंतींना ओला चुना. गयाबाई घामाघूम होऊन कडेला बसलेली, हातात काथ्या.

आमच्याकडे हौदाला शेवाळ धरलं की त्या घरच्या बाईला नावं ठेवतात. पाहुणे आले की आधी हौदात डोकावून बघतात. गयाबाईचा सगळा जन्म हौद घासण्यात गेलेला. आमचं ते हिरवं परभणीच्या कॅनमध्येच असतं, असं तिला वाटलेलं. आल्या आल्या तिनं हौदातलं शेवाळ बघितलं आणि तिला राहवलं नाही.

"काहून असा ठेवला व्हता वो हौद? हात घसरून राहिला व्हता नुसता! आता बघा कसा झाला, आरशावानी!"

शकीलाभाभी जागच्या जागी खाली बसली. गयाबाई दोघींकडे बघत म्हणाली, "च्या न्हाई पाजला तर न्हाई, निदान बरं झालं एवढं तरी म्हणा!"

मग तिला सांगावं लागलं. ऐकता ऐकता तिच्या हातातला काथ्या गळून पडला. "म्या माझ्या लेकीचं औषध नालीत सोडलं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मला राग आला होता, पण तिला रडताना बघून तो कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "औषध नाही गयाबाई, खाणं आहे ते. आणि परत लावता येतं." परभणीला पुन्हा गेलो, विरजण पुन्हा आणलं, पुन्हा दिवस मोजत बसलो. तेव्हापासून हौद ढवळायचा मान गयाबाईचा, आणि शेडमध्ये काथ्या आणायला बंदी!

*

दुसऱ्या खेपेला माल चांगला निघाला, पण नेमका रमजानमध्ये. शेडच्या पत्र्यावर माकडं यायला लागली म्हणून शकीलाभाभीनं हिरव्या शेवया वाळवायला घरी गच्चीवर नेल्या. तिथंच एका बाजूला ईदच्या गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या शेवया वाळत होत्या.

शेजारची रुबीनाआपा गच्चीवर आली. "अगे शकीला! पिस्ते की सेवइयाँ बनाई और हमको बोली बी नै?" असं म्हणत तिनं ओंजळभर उचलून नेल्या. शकीलाभाभी तेव्हा खाली मशीनवर होती. तिला पत्ताच नाही.

ईदच्या दिवशी रुबीनाआपाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. आपानं खास त्यांच्यासाठी त्याच शेवयांचा शीरखुर्मा केला. दूध हिरवं झालं, ते तिला शोभिवंतच वाटलं. वास जरा वेगळा आला, तर तिनं वेलची वाढवली. पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्या खालांना पहिली वाटी गेली. खालांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, वाटी हळूच खाली ठेवली आणि फार अदबीनं विचारलं,

"दूध तो अच्छा है बेटा. भैंस कौनसे तालाब में बैठती है?"

सोयरीक जमली, हे सांगायला पाहिजे. लग्नात शकीलाभाभीला आमंत्रण होतं, फक्त शेवयांची ऑर्डर दुसरीकडे गेली!

*

हट्ट्याचे एक रिटायर गुरुजी आमचे पहिल्यापासूनचे गिऱ्हाईक. बोलणं एकदम शुद्ध. डबी नेली तेव्हा मी बजावलं होतं, अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, अंगाला मानवलं तर वाढवा, चहाच्या एका चमच्यापुढे जाऊ नका. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"मंगलताई, एक नाजूक बाब आहे. आमच्या वर्णात बदल झाला आहे."

"चेहऱ्याच्या का गुरुजी?"

गुरुजींनी आवाज खाली आणला. "नाही. विरुद्ध बाजूच्या."

मला आधी कळेना, कळलं तेव्हा हसू आवरेना. गुरुजी जेवणाच्या चमच्यानं, तोही शिगोशीग भरून, सकाळ-दुपार-संध्याकाळ दुधातून घेत होते. मी सांगितलं की कधीकधी रंग हिरवा होतो, त्यानं काही बिघडत नाही, पण प्रमाण कमी करा आणि पोट दुखलं तर डॉक्टरला दाखवा.

"असं होय!" गुरुजींनी मोठा श्वास सोडला. "मी काल रात्रीच मुलांना बोलावून शेताच्या वाटण्या सांगून टाकल्या हो. आता परत कशा घेऊ?"

त्या दिवसापासून मी डबी हातात देताना सगळं तोंडपाठ म्हणते. युरिक ॲसिडचा त्रास असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, आणखी कसला मोठा आजार असेल, तर आधी डॉक्टर, मग डबी. शकीलाभाभी म्हणते, "तुम माल बेच री या डरा री?"

*

साखऱ्याला बायांची बैठक होती. मला बोलावलं होतं आणि शहरातून स्पिरुलिनाचाच एक विक्रीवालाही आला होता, टाय लावून. त्याच्या डब्यावर चकचकीत चित्र, आमच्या डबीवर हातानं लिहिलेलं लेबल. तो आधी बोलायला उभा राहिला आणि त्यानं बार उडवला, "ताई, याचा एक ग्रॅम म्हणजे किलोभर भाजी!"

अशा बोलण्याची मला चीड आहे. मी उठून काही बोलणार, तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. ती रेखाची सासू, सुभद्राबाई.

"लई झाक. मंग बापू, दोन चमचे माझ्या म्हशीला दे. रोजची वैरण आणायचं तर सुटंल!"

बाया अशा हसल्या की विक्रीवाल्यानं टाय सैल केला. नंतर मी उठले आणि जे आहे ते सांगितलं. याच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात हे खरं, पण चमच्यात वजन असतं किती? चिमटीभर. वाटीभर वरणाची जागा ते घेऊ शकत नाही. बी-बारा जीवनसत्त्व भरपूर असतं असं लिहितात, पण त्यातलं बहुतेक अंगाला लागत नाही. लोह आहे, पण लोहाच्या गोळीची सुट्टी होत नाही. जेवणात थोडी भर, एवढंच याचं काम. सगळं सांगून खाली बसले तेव्हा वाटलं, आता आपली एकही डबी खपत नाही.

सुभद्राबाई निघताना जवळ आली. "खरं बोलून राहिली तू, म्हणून दे एक. माझं गुडघं बरं व्हावं म्हणून न्हाई, आशीच खाते." मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "रेखी तुमच्याकडं हाय. पयल्या वक्ताला आमी दवाखान्याच्या पायरीवर बसून काढलं ते आमालाच ठाव. नीट धाडा माझ्या लेकराला."

सासू सुनेला लेकरू म्हणाली. आमच्या भागात हा सुद्धा किस्साच आहे.

*

रेखाला द्यायचं तर डॉक्टर मॅडमना विचारायचं, हे मी पहिल्या दिवसापासून लावून धरलं होतं. मी आणि गयाबाई डबी घेऊन दवाखान्यात गेलो. मॅडमनी डबी उघडली, वास घेतला, बंद केली.

"लॅबमध्ये तपासलंय का? उघड्या हौदात दुसरं शेवाळ मिसळलं तर विषारी असू शकतं. पाण्यात काही धातू असले तर ते पण यात उतरतात. पोटुशी बाई आहे, रिपोर्टशिवाय मी हो म्हणणार नाही."

मला पटलं. गयाबाईला नाही पटलं. हौद तिचा, ढवळणारी ती, पाणी भरणारी ती.

"तपासायचं काहून? म्या रोज हातानं ढवळते. इख आसतं तर मीच मेली नसती का? हे बघा!" असं म्हणून तिनं डबीतली मूठभर पावडर कोरडीच तोंडात टाकली.

कोरडी पावडर टाळूला चिकटते. गयाबाई काही बोलू शकेना. तिनं सगळं ठीक आहे हे दाखवायला मॅडमकडे बघून मोठं हसू केलं. दात हिरवे, जीभ हिरवी, ओठांच्या कडा हिरव्या.

"गयाबाई," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाहेर जाताना हसू नका. पेशंट बसलेत."

रिपोर्ट आला, चांगला आला. मग मॅडमनी चिठ्ठीवर आधी गोळ्या लिहिल्या आणि तोंडी सांगितलं, "अर्धा चमचा, जेवणात मिसळून. आणि ज्या दिवशी गोळी चुकेल त्या दिवशी हे पण बंद!"

*

परवानगी मिळाली, पण खाणार कोण? रेखाला आधीच कोरड्या उलट्या, त्यात हा वास. ताकात घातलं, तिनं नाक दाबून ग्लास सरकवला. गयाबाईनं मग लपवायला सुरुवात केली. मला विचारलं, भाजलं-शिजवलं तर चालतं का? मी म्हटलं, रंग जातो, थोडी जीवनसत्त्वं जातात, लोह कुठं पळून जात नाही.

झालं! मेथीच्या धपाट्यात घातलं, कारण मेथीही हिरवीच. अंबाडीच्या भाजीत घातलं, कारण तिचा आंबटपणा वास मारतो. शेंगदाण्याच्या चटणीत घातलं, लसूण दुप्पट करून. रेखा पहिल्याच घासाला ओळखायची. एकदा मी तिथंच बसले होते. ताट आलं, रेखानं धपाट्याचा तुकडा मोडला, नाकाजवळ नेला आणि आईकडे बघून म्हणाली,

"आई, आज हौद कशात कालवलास?"

"कुठं काय? मेथी हाय ती."

"मेथी कवापासून पाण्यात वाढून राहिली?"

गोळ्या मात्र ती एक दिवस चुकवत नव्हती, कारण मॅडमचा धाक. रक्त वाढत होतं, पण मुंगीच्या पावलानं. दर तपासणीला गयाबाई दवाखान्याच्या दारात उभी राहायची आणि रेखा बाहेर आली की आधी तिच्या तोंडाकडे बघायची. "वाढलं?" "थोडं." "किती थोडं?" "थोडंच, आई." मग घरी येऊन गयाबाई पुन्हा पीठ मळायला बसायची.

रेखा चतकोर खायची, आईच्या समाधानासाठी, आणि ताट सरकवायची. गयाबाई काही न बोलता ताट उचलायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. अन्न टाकणं तिच्या रक्तात नाही.

*

आता शेवटचा, जो शकीलाभाभी मला कधीच नीट सांगू देत नाही. रेखा आणि बाळ दोघी बऱ्या आहेत, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष लागणार नाही. मुलगी झाली. पण बाळंतपणात रेखाला जास्त रक्त गेलं आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताची पिशवी लागेल. रक्तपेढीतून एक घ्या, बदल्यात कोणीतरी एक द्या.

जावई साखऱ्याहून निघाला होता, रस्त्यातच होता. माझं बीपी वाढलेलं, शकीलाभाभीला शुगर. गयाबाई कधीच उठून रक्तपेढीच्या दारात जाऊन उभी होती, बाही वर करून.

"गयाबाई, थोडं थांबा, जावई येतोय," मी म्हटलं.

ती ऐकेना. तेव्हा तिच्याच तोंडून कळलं की रेखाच्या पहिल्या बाळंतपणातही ती अशीच उभी राहिली होती. तिथं बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. गयाबाईचा थेंब वरच तरंगत राहिला होता, पण त्याचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. "मावशी, तुमच्यातच नाही, तुम्ही काय देणार?" असं म्हणून तिला परत पाठवलं होतं. लेक आत पडलेली आणि आई रिकाम्या हातानं बाहेर. हे तिनं आम्हाला इतक्या दिवसांत एकदाही सांगितलं नव्हतं.

आत एक तरुण टेक्निशियन होता. त्यानं गयाबाईकडे खालून वर पाहिलं. अंगानं काडी, हाताला हिरवट डाग, पायात झिजलेली चप्पल. त्यानं बोट टोचलं, थेंब घेतला, निळ्या पाण्यात सोडला. आम्ही तिघी काचेच्या भांड्यावर वाकलो. शकीलाभाभी तोंडातल्या तोंडात काहीतरी पढत होती.

थेंब सरळ तळाला गेला.

"बुडालं?" गयाबाईचा आवाज चिरकला. "बुडालं न्हवं! आता काय करू वो?" तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"मावशी, बुडालं म्हणजे चांगलं!" तो म्हणाला. "चालतंय तुमचं. वजन बघू, बीपी बघू आणि झोपा इथं."

गयाबाईनं त्याच्याकडे दोनदा बघितलं, मग माझ्याकडे, मग पलंगावर जाऊन अशी झोपली, जसं काही कोणी उठवून लावेल. सुई टोचली तरी हूं की चूं नाही. पिशवी भरायला लागली आणि ती मान वळवून ती पिशवीच बघत राहिली. मला रडू येत होतं, शकीलाभाभीनं तर आधीच पदर डोळ्याला लावला होता.

टेक्निशियन पिशवी हलवत उभा होता. त्याला राहवेना. "आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायांचा थेंब तरंगतो हो. तुमचं एवढं चांगलं कसं? काय खाता काय मावशी?"

गयाबाई पिशवीवरची नजर न काढता म्हणाली,

"मी कुठं काय खाते बापू? लेकीचं उष्टं!"